लिस्बन, पोर्तुगीज चर्चमार्गे

नकाराचं पत्र तसं सभ्य होतं.
कारणांच्या यादीत एकाच चौकटीत खूण:
'आपण ठरल्या मुदतीत परत जाल
याची आम्हांस खात्री वाटत नाही.'

हेरंबनं दोनदा वाचलं. म्हणाला,
यांना आपला मुलुंडचा नळ ठाऊक नाही.
साडेपाचला पाणी येतं, सव्वासहाला जातं.
परत न येऊन सांगतो कुणाला!

पण दूधवाल्याला आठ दिवसांची सुट्टी दिलेली,
कुंड्या सामंतांच्या गॅलरीत पोचलेल्या,
आणि मी सहा महिने, रोज रात्री
ओटा पुसून झाल्यावर
फोनवर पोर्तुगीज शिकलेली.
फार नाही. शुभ सकाळ. बिल आणा.
आणि, का कोण जाणे, माझे पती हरवले आहेत.

म्हणून शनिवारी बॅग उचललीच.
सामंतवहिनी जिन्यात म्हणाल्या, सांभाळून हं,
तिकडे थंडी असेल.
आम्ही स्वेटर दाखवले.
खोटं बोललो नाही. दाखवले फक्त.

दादरला बसथांब्याच्या पाटीवर लिहिलंच होतं: पोर्तुगीज चर्च.
तिथून सुरुवात केली.
हेरंबच्या गळ्यात कॅमेरा,
पण तीस वर्षं महापालिकेच्या पाणीखात्यात काढलेला माणूस,
त्याला शहर दिसतं ते झाकणांपासून.
खोताच्या वाडीत सगळे
लाकडी जिन्यांचे, रंगीत खिडक्यांचे फोटो काढत होते,
आणि हा भर गल्लीत उकिडवा,
लोखंडी झाकणावरचं साल वाचत.
वरून एका बाईनं विचारलं, लीकेज आहे का हो?
मी अभ्यास केलेला. छातीठोकपणे म्हणाले,
पोर्तुगीजमध्ये, माझे पती हरवले आहेत.
बाई म्हणाली, मराठीत बोला ना.

रात्री वांद्र्याला,
फिलोमिना कोरियाबाईंच्या घरातली माडीवरची खोली.
कुठून आलात? वहीत लिहिता लिहिता त्यांनी विचारलं.
मुलुंड.
त्यांनी पेन थांबवून आमच्याकडे पाहिलं,
पळून आल्यासारखं.
मग काही न विचारता जेवायला वाढलं.
बाटली मसाल्यातलं मटण, गरम फुगे,
आणि मी बोट लावत एकेक नाव घेत गेले:
पाव. बटाटा. कोबी.
उद्या हापूस, बाई म्हणाल्या, असेल तर.
सहा महिन्यांत शिकलेलं निम्मं
माझ्या आईच्या स्वयंपाकघरात आधीच होतं.
पगार, बादली, काय काय.
झोपायला जाताना त्यांनी हातात ठेवली ती चावी.
तिकडे शाव्ह म्हणतात, मी हेरंबला सांगितलं.
तो घोरत होता.

रविवारी किल्ल्यावर
आमच्या निम्म्या वयाची जोडपी, छत्र्यांआड.
आम्हांला कुठे बसावं कळेना.
शेवटी एका तुटक्या कठड्यावर टेकलो.
समोर सागरी सेतू. तिकडचा लाल आहे, मी म्हणाले.
हेरंब शेंगा सोलत होता.
सालं रुमालात, दाणे माझ्या हातात.
मग एकदम, समुद्राकडे बघत:
तू आली असतीस परत?

चटकन हो म्हणायला हवं होतं.
एक होडी होती, तिला ओलांडायला
जेवढा वेळ लागला पुलाची सावली, तेवढा लागला मला.
तोवर शेंगा संपल्या होत्या.
मीपण तेच बघत होतो, तो म्हणाला.
कशाकडे, ते मी विचारलं नाही.

रात्री साडेदहा. मुलुंड.
घरात दूध नाही. सकाळचं पाणी भरलेलं नाही.
जिन्यात दिवा न लावता
बॅगेच्या कप्प्यात हात घातला,
कुलपाला लावली. फिरेना.
चाचपून पाहिली. लाकडी बिल्ला, त्यावर कोरलेलं चार.
अगं, ही त्यांची. द्यायची राहिली.
मग परत जावं लागणार, हेरंब कुजबुजला,
आणि मला इतकं हसू आलं
की सामंतांच्या दारामागची कडी वाजली.