तळघराच्या पायऱ्यांपाशी

हावलिकांचं घर गेलं.
छप्पर एका एप्रिलच्या वाऱ्यात, लाकडं कुणीकुणी नेली.
नेब्रास्काच्या त्या सपाटीवर उरल्या
तळघरात उतरणाऱ्या पाच पायऱ्या
आणि कडेला, गुडघाभर गवतात,
आयरिसचा दाट पुंजका.
त्याला कोणी पाणी घालत नव्हतं,
आणि त्याला ते कळलेलंही नव्हतं.

क्लेटन पिकअपमध्येच बसून राहिला.
"तारेपलीकडे जाऊ नकोस," म्हणाला.
मी गेले.
आल्याच्या कुडीसारखा एक गाठाळ गड्डा
वर्तमानपत्रात गुंडाळून, मांडीवर धरून आणला.

आयरिस पुरायचा नसतो.
हे सासूने शिकवलं, मी विसरले,
तीन वाफे कुजवून पुन्हा शिकले:
मुळं मातीत, पाठ उन्हात,
चिखलात लोळलेल्या डुकरिणीसारखी, निवांत.

पहिल्या वर्षी नुसती पानं.
दुसऱ्या मे महिन्यात एक दांडा, चार कळ्या.
वहीत लिहिलं:
उंची अठ्ठावीस इंच.
उभ्या पाकळ्या मळकट पिवळ्या, चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाच्या.
लोंबत्या पाकळ्या जांभळट, बुडाशी तपकिरी शिरा,
कुणी लेखणी झटकावी तशा.
दाढी नारिंगी, टोकाला मात्र पांढरी.
पानांच्या मुळाशी जांभळा डाग.
वास सकाळी लिंबाच्या सालीचा,
दुपारनंतर ओल्या काडेपेटीचा.
तेही लिहिलं. खोटं कशाला?

मग सहा वर्षं जुने कॅटलॉग.
त्यांत प्रत्येक फूल "अपूर्व", प्रत्येक जांभळा "राजस",
आणि काडेपेटी कुठेच नाही.
मिनेसोटातल्या वेस्टा लिंडक्विस्टबाईंना पत्र टाकलं,
वय एक्क्याण्णव, जुने आयरिस सहाशे.
त्यांचं उत्तर आलं:
"उंचीवर विसंबू नका, फोटोवर तर मुळीच नको.
फांद्या मोजा. नाक वापरा."
सोबत तीन गड्डे, तीन शक्यता.
शेजारी शेजारी लावले, फुलायची वाट पाहिली,
मग गुडघ्यांवर बसून एकेकाची दाढी तपासली.
एक जवळचा निघाला.
जवळचा म्हणजे तो नव्हे.

यंदा ती जमीन नांगराखाली जाणार असं कळलं.
या वेळी क्लेटन उतरला, फावडं घेऊन.
पुंजक्याच्या पोटात, जिथे जुना कंद
मरून पोकळ झाला होता, तिथे खण्ण वाजलं.
जस्ताची पट्टी. भोकातून मूळ आरपार.
व्हिनेगरने पुसली.
जस्तावर शिसपेन्सिल, म्हणजे माणसापेक्षा टिकाऊ:
३१-४७.
आणि खाली एक चेक शब्द.

बेकरीतल्या ब्लाझेनाने हातांचं पीठ झटकलं,
पट्टी उजेडाला धरली.
"फेकायचं," ती म्हणाली. "फेकून द्यायचं, असं लिहिलंय."

म्हणजे एमिल हावलिक, दूध डेअरीतला कारकून,
संध्याकाळी रंगाच्या ब्रशने परागकण लावत बसायचा.
हे त्याचं एकतीस सालचं सत्तेचाळिसावं रोप.
नाव ठेवायच्या आधीच त्याने नावं ठेवली.
दाढीच्या टोकाला? वासाला?
उपटून भिरकावलं तळघराच्या बाजूला, पट्टीसकट,
आणि हात धुऊन जेवायला गेला असेल.

ज्यांची नावं त्याने ठेवली
ते पुढच्या अंगणात होते, ओळीने.
तिथे कित्येक वर्षं मका आहे.

क्लेटनने टोपी मागे सारून फुलात नाक खुपसलं.
"काडेपेटी," म्हणाला.
थोडं थांबून पुन्हा खुपसलं.

ऑगस्टमध्ये सगळे गड्डे सुटे करून लावले, पाठ उन्हात.
पट्टी पुन्हा मधल्या कंदाखाली सरकवली,
अक्षरं खाली करून.
वेस्टाबाईंनी एक तुकडा मागितलाय,
आणि विचारलंय, कुठल्या नावाने लावू?
तुकडा पाठवला.
प्रश्न अजून माझ्याकडेच आहे.