तीन नंबर

सीडी त्यांनी रुमालात गुंडाळून आणली होती
खारकांच्या पुडीसारखी.
वर मार्करनं, माझ्याच अक्षरात, दोन हजार तीन सालचं :
हात लावू नये.

म्हटलं, होलेकाका, या लॅपटॉपला सीडी घालायला तोंडच नाही.
"मंग हा खाते कायनं?"

बाहेरचा ड्राइव्ह दर्यापूरहून मागवला,
सहाच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती.
तो येईस्तोवर केंद्रात चार सातबारे निघाले, दोन उत्पन्नाचे दाखले,
सर्व्हर पडला, उठला, पुन्हा पडला.
काका बाकावर बसून.
चहा दिला तर बशीत ओतून विसरले.

आधी नुसता काळा पडदा.
मग रंग फाटले, भिंती जांभळ्या, रक्त हिरवं.
मग म्हणे डिस्क सापडत नाही,
आणि डिस्क आत घरघर करत फिरतेय.
मी मशीनला खोटंच पटवलं की तू अठ्ठ्याण्णव सालची आहेस.
पटलं. वय कमी सांगितलेलं कोणाला आवडत नाही?
एक फाइल नाव बदलून बाजूला काढली,
तिच्या जागी दुसरी उभी केली, डमी उमेदवारासारखी.
साडेदहाला लांब कुठं तरी विहिरीवरची मोटार सुरू झाली
आणि खेळही.

पण कसा,
दार उघडायच्या आत आपण मेलेलो.
राक्षस या भिंतीतून निघून त्या भिंतीत,
पाय जमिनीला लागतच नव्हते कोणाचे.
"लयच पयते बाप्पा हे.
शकुंतलेसारखं चालव ना."
शकुंतला, जिच्यातून उतरून, बोरं वेचून
पुन्हा चढता यायचं.
आठ कोर होते. सात झोपवले.
उरलेल्या एकाच्या गळ्यात लोढणं बांधलं.

तोच बोळ. ओल्या विटा, कोपऱ्यात पिंप.
पडद्याच्या खालच्या काठाला बंदूक,
खाली-वर, खाली-वर, कोणी तरी श्वास घेतल्यागत.

मी खुर्ची सोडायला गेलो
तर ते माझ्या मागं जाऊन उभे होते.
एक हात खुर्चीच्या पाठीवर.
संगम कॉम्प्युटर्समध्ये सात वर्षं असेच उभे राहिले,
पाच मशीन, पाच पाठी,
तासाचे दहा रुपये,
"पाच मिन्टं राह्यले रे, तीन नंबर."
"मी कधी खेयलो नाई," म्हणाले.
"मशीन रिकामी असली का धंदा नाई,
धंदा असला का मशीन रिकामी नाई."

मग बसले.
एका बोटानं बाण दाबला, जपून,
नव्या फरशीवर पाय ठेवावा तसा.
आणि मी पाहतच राहिलो. त्यांना सगळं पाठ होतं.
"अठी एक नंबर लपे. इरफान. आता नागपूरले एसी बसवते.
अठी तू मरे, दर बारीले."
खोट्या भिंतीपाशी थांबले.
"हा दरवाजा चार नंबरले कधीच नाई सापडला.
चाळीस-पन्नास तास शोधला असन त्यानं.
मले सांगावसं वाटे.
सांगतलं नाई."
थोड्या वेळानं : "सापडला असता तं उठून गेला असता."

राक्षस आला. "याले सरकव थोडा," म्हणाले.
मी हात लांबवून मारला.
त्यांनी स्वतः एकही गोळी झाडली नाही.

पावणेबाराला लाइन गेली.
पंखा गरगरत मंदावला, राउटरचा हिरवा दिवा विझला,
बाहेर एकदम सगळी कुत्री गप्प.
पडद्याचा उजेड फक्त त्यांच्या चष्म्यात,
दोन छोटे बोळ.
भिंत सरकली होती. ते आत शिरले होते,
त्या खोलीत चार नंबर कधी आला नव्हता.

खाली कोपऱ्यात बॅटरी लाल झाली.
मी सांगितलं नाही.