घर ओढायला रात्र लागते

पुएर्तो मोन्तहून चिलोएला परतताना
फेरीबोटीत वही उघडली, तर एवढंच शिल्लक :
विचारा. थांबा. झोपू द्या.
बाकी दोन दिवसांचं प्रशिक्षण पावसाने नेलं.
जेवण बरं होतं.

सोमवारी आधी भिंतीवरचा तक्ता उतरवला.
डावा मेंदू गणिताचा, उजवा चित्रांचा :
अकरा वर्षं मी हे छातीठोक सांगत आले,
आणि ते तसं नसतंच म्हणे.
खाली भिंतीचा जुना पोपटी चौकोन
आणि टाचण्यांची चार भोकं.

मग सहावीला विचारलं :
ओहोटीच्या सहा तासांतल्या पहिल्या दोन तासांत
पाणी किती उतरतं?
पूर्वी मी दोन सेकंद थांबायचे
आणि उत्तर देऊन मोकळी व्हायचे,
पाहुण्याला पानावर बसवून
त्याचा घास आपणच खावा, तशी.
आता मनात सात मोजायचे ठरवले.
सात सेकंद म्हणजे किती लांब,
ते वर्गापुढे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.
पत्र्यावर सरी. कुणाच्या तरी बुटाची चेन.
पाचव्याला रोसाउराच्या कपाळावर आठी,
सहाव्याला ओठ हलले : एक तृतीयांश?
चुकलं. पण तिचं होतं.

एलेउतेरिओ मागच्या बाकावर गाढ झोपला होता.
पहाटे चारची ओहोटी,
बापाबरोबर शिंपले वेचून आला असणार.
नखांत काळा गाळ.
डस्टर आपटायला उचललेला माझा हात तसाच राहिला.
प्रशिक्षणातल्या बाई म्हणाल्या होत्या,
दिवसभराचं शिकलेलं रात्री झोपेत
तात्पुरत्या जागेवरून हलतं,
कायमच्या मुक्कामी जातं.
तेव्हा पडद्यावरचा रंगीत मेंदू मला दिसेना.
दिसलं तेओलिंदाबाईंचं घर,
ओंडक्यांवर चढवलेलं, दोरांनी बांधलेलं,
आठ बैलजोड्या, अख्खं केमची गाव ओढतंय,
खिडकीचे पडदे तसेच, आत घड्याळ चालूच,
चिखलातून निघून भरतीच्या पाण्यावर तरंगत
पलीकडच्या किनाऱ्याला.
सात वर्षांची मी. दोराला माझेही हात.
माझ्यामुळे काडीचा फरक पडला नसेल,
पण कुठली पायरी तुटली, ते अजून सांगेन.

असं घर ओढायला रात्र लागते.
ह्या पोराची रात्र ओहोटीने नेली.

ह्यावर काय करायचं, ते वहीत नव्हतं.
खिशात भरती-ओहोटीचं कोष्टक होतं,
ते पाहून मी गणिताचा तास हलवला.
मुख्याध्यापक ओखेदा म्हणाले,
आता समुद्र वेळापत्रक ठरवणार का?
म्हटलं, इथे दुसरं कोण ठरवतं?

पुढच्या मंगळवारी ओहोटी दहाला. बाप एकटा गेला.
पोरगं झोप काढून आलं होतं.
आठवड्याने तोच प्रश्न पुन्हा टाकला,
निम्म्यांनी विसरावा इतका जुना झालेला.
एक, दोन, तीन...
"पाव," तो म्हणाला. "तिसरा हिस्सा नाही, बाई.
पहिल्या तासाला पाणी नुसतं लाजतं.
बाराव्यातला एक. मग दोन. मग तीन.
मधल्या तासांना पळतं, तेव्हा टोपली भरायची."
बरोबर म्हणायला तोंड उघडलं,
आणि मिटलं.
रोसाउरा बोटांवर काही मोजत होती.

पुढच्या आठवड्यात ओहोटी परत चारला.
कोष्टक आता तक्त्याच्या जागी लावलंय.
लहान आहे.
चौथं भोक दिसतं.