पासंग

टपाल कचेरीतला पत्रं तोलायचा काटा
वर्षातून एकदा दुरुस्तीला जातो, असं मी वहीत लिहितो.
जातो तो चर्चच्या तळघरात,
कॉफीच्या किटलीशेजारी,
आणि त्याच्यावर चढतात मोटारी.
वीतभर पाइनचा ठोकळा, चार खिळे, चार चाकं.
पाच औंसांवर कणही चालत नाही.
तेवढाच माझा अधिकार.

बाहेर फेब्रुवारी. खाण बंद पडून अकरा वर्षं.
सुपीरियर सरोवर काठापासून गोठलेलं,
खिडक्यांच्या छातीपर्यंत बर्फ.
आत पोरांची बोटं ग्राफाइटनं करडी,
बापांची जरा जास्तच.
कुणाची मोटार कुणी तासली, मी विचारत नाही.
आर्विड कोस्केलाच्या अंगठ्याला पट्टी आहे,
त्याच्या मुलाच्या अंगठ्याला ओरखडासुद्धा नाही.
असो.

मग तैमी निस्कानेन. वय सात.
तिची मोटार म्हणजे ठोकळाच,
निळा रंग, रंगात ब्रशाचे दोन केस.
"कापली नाहीस?"
"आत चांगलं लाकूड होतं," ती म्हणाली.

काटा पाचाच्या केसभर अलीकडे थांबला.
हलकी मोटार चालते, मी सांगितलं.
तिला चालत नव्हती.
मग सगळं तळघर खिसे चाचपू लागलं:
नट, गळाचं शिसं, बंदुकीचा छर्रा,
पाद्रीबाईंच्या कोटाचं पितळी बटण.
प्रत्येक वेळी काटा पाच ओलांडून पलीकडे.
तैमीनं तोंडात दोन बोटं घातली,
सकाळपासून हलत होता तो
उपटून माझ्यापुढे धरला.
रक्त बाहीला पुसलं.
"हा बघा."

गोंद मी लावला. नियमात दाताबद्दल काही नाही.
एकतीस वर्षं मी वजनं केली,
लग्नपत्रिका, समन्स, कोरियाहून आलेली पाकिटं,
पण काटा इतका नेमका
उभा राहिलेला पाहिला नव्हता.
पासंगालाही न पुरणारा तो दात
बरोबर पुरला.

शर्यत? उतारावर तीन मोटारी सुटल्या,
तिची तिसरी आली.
ती ओरडली मात्र पहिली आल्यासारखी.
चषक कोस्केलाला. म्हणजे मुलाला.

रात्री नऊला वेक्कोचा फोन.
"दात निघत नाही रे, काय गोंद लावलास!
पोरगी अख्खी मोटार उशीखाली घेऊन झोपलीय.
परीनं आता काय ठेवायचं? दाताचे, की मोटारीचे?"
मला एकच दर तोंडपाठ.
पाच औंस, पहिला वर्ग, मी म्हटलं,
नव्वद सेंट.

सोमवारी ती खिडकीशी आली,
टाचा उंचावून,
मुठीत सगळी चिल्लर.
"परीनं कमी दिले?"
"नाही. बरोब्बर दिले,"
ती म्हणाली, आणि त्या 'स'नसलेल्या शब्दांतसुद्धा
फटीतून शीळ वाजली.