गोळ्यांची डबी

दर गुरुवारी म्युरिएल व्हिकरीची औषधं पोचवायला जातो.
सात दिवसांचे सात कप्पे:
रक्तदाबाची पांढरी, थायरॉइडची त्याहून पांढरी,
आणि गुडघ्याची पिवळी, जी ती घेत नाही.

तिचं घर म्हणजे सॉमरसेटमधली
फाटकवाल्याची जुनी चौकी.
फाटक नाही. रूळही नाहीत.
शेवटची गाडी दुधाचे रिकामे कॅन घेऊन गेली,
पुढल्या उन्हाळ्यात माणसं आली नि रूळच घेऊन गेली,
जत्रा उठल्यावर मांडवाचे वासे नेतात तसे.
आता तिथून सायकली जातात,
कुत्री मालकांना फिरवून आणतात.

आणि कडेला, ब्लॅकबेरीच्या काट्यांत गळ्याइतकी बुडालेली,
सहा कोनांची काँक्रीटची खोली.
"पिलबॉक्स," ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा
मी हातातल्या डबीकडे बघितलं.
मराठीत हा विनोद आयता मिळतो:
गोळी ती गोळीच, गिळा नाहीतर झाडा.
समजावून सांगितलं तर इतकी हसली
की मला पाणी आणावं लागलं.

वाकून आत गेलो एकदा.
भिंतींवर फळ्यांच्या रेघा, एका फळीची गाठ,
गाठीभोवती वर्षांची वलयं.
लाकूड केव्हाच कुजलं असेल,
सिमेंटने त्याचं वय तेवढं पाठ करून ठेवलंय.
चार बाजूंना जंग्या:
गडावरच्या फटींचा शब्द इथे अगदी बसतो.
बाहेरचं दिसावं, बाहेरच्याला दिसू नये.
मी डोळा लावला.
एक बाई प्रॅम ढकलत गेली.
तिने वळून पाहिलं नाही, आणि मला
उगाच श्वास रोखल्याची लाज वाटली.

चाळीसचा जुलै. म्युरिएल सहा वर्षांची.
सिमेंट मालगाडीने आलं, खडी तिच्या वडिलांनी मोजून घेतली,
सही केली, झेंडा गुंडाळला.
"कोण येणार होतं, आई सांगायची नाही.
मला वाटायचं, तिकीट न काढलेले लोक."

छत भरावाच्या बाजूने छातीइतकंच उंच.
काठीने तिने शेवाळ खरवडलं, मला जवळ बोलावलं.
ओल्या काँक्रीटवर उमटलेली पावलं, तीन बोटं पुढे, एक मागे:
एक, दोन, तीन, चार.
पाचवं नाही.
"तिथे सार्जंटने तिला उचललं."
कोंबडीचं नाव विनिफ्रेड. सार्जंटचं आठवत नाही.
या तटबंदीवर झालेला एवढाच हल्ला,
आणि तोही आतल्या बाजूने.

"मग काय झालं तिचं?"
"रविवार होता," म्युरिएल म्हणाली,
आणि काठी पुसत बसली.

गाडीची वाट राखायला ती खोली बांधली.
ज्यांची भीती होती ते आले नाहीत,
आणि वाटच निघून गेली, शांततेच्या दिवसांत,
कुणाच्या तरी हिशेबाच्या वहीतून.
हे मी तिला बोललो नाही. तिच्या वडिलांना
शेवटच्या दिवशी घड्याळ दिलं होतं. ते मागे पडायचं.

नवी डबी टेबलावर ठेवली, जुनी परत घेतली.
सातही पिवळ्या जागच्या जागी.
"म्युरिएल, या लिहून दिल्यात."
"असू दे रे. लागल्याच तर."
परतीच्या चढावर
त्या खिशात वाजत राहिल्या.