सरळ चालू नको

सीपीआरच्या दारात रिक्षातनं उतरताना
अवधूत कानाशी वाकून म्हणाला,
"आत्ते, आज सरळ चालू नको."

सत्तेचाळीस वर्षं तेवढंच तर शिकलो होतो.
साडी डावीकडं दोन बोटं खाली,
मांडीवर टेकलेला हात पदराआड,
लग्नाच्या हॉलमधे सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचं
आणि पंगत उठल्यावर मागनं उठायचं.
मला बघायला आले तेव्हाही मी आधीच बसलेलो.
चहा धाकटीनं आणला.
पसंतही तीच पडली.

मग मशीन घेतलं. उजव्या पायावर
अख्ख्या कसबा बावड्याचे ब्लाऊज शिवले.
गेल्या दिवाळीत तोही पाय म्हणाला, बास,
दुसऱ्याच्या वाटणीचं किती ओढू?

सेतूतल्या पोरीनं कागद मांडले.
रेशनकार्डावर इंदुबाई, आधारवर इंदुमती,
शाळेच्या दाखल्यावर इंदिरा.
"ह्यातल्या तुम्ही कुठल्या?"
म्हटलं, "जिचा पाय मंजूर होईल ती."
पतीचे नाव: तिनं न विचारताच रेघ मारली.
लिंग: स्त्री.
आमच्याकडं बाईसुद्धा 'आलो, गेलो' म्हणती,
त्याला रकाना नव्हता.
अपंगत्व कधीपासून, तारीख लिहा.
आता ताप काय तारीख सांगून येतो?
आई म्हणायची, दुसरं वरीस होतं,
गुऱ्हाळं पेटली होती.
पोरीनं एक जानेवारी टाकलं.
फोटो चिकटवला. फोटोत फक्त तोंड.

बाकड्यावर शिरोलीच्या फाउंड्रीतला एकजण,
बाहीत हात नाही,
शेजारी ऐकू न येणाऱ्या लेकराला
बोटांनी गप्प करणारी त्याची आई.
"तुमचं किती बसंल?" त्यानं विचारलं,
दहावीचे मार्क विचारावेत तसं.
मला दहावीला अडतीस पडले होते.
इथं चाळीस लागतात.

डॉक्टर पोरगेलासा. टेप काढली,
कमरेच्या हाडापासनं घोट्यापर्यंत,
आधी उजवा, मग डावा.
टेप मधेच लोंबत होती.
अवधूतनं डोळ्यानं खुणावलं, गप.
पण मला काय ऱ्हावंना.
"साहेब, ढिली धरलीसा.
असल्या मापानं बाही चुकती."
तो हसला. परत मोजलं.
तीन पूर्णांक दोन सेंटिमीटर.
म्हणजे सव्वा इंच.
सुभाषनगरातला सातपुते
तेवीस वर्षं माझ्या डाव्या चपलेला
तेवढंच चामडं जास्त लावतोय,
पैसे जोडीचेच घेतोय.

"आता चालून दाखवा.
हात सोडून."

हात सोडून?
पदर खोचला. हात कुठं ठेवायचे कळेना,
परक्याचे असल्यागत ते नुसते लोंबत राहिले.
पहिल्या पावलाला खांदा एकदम खाली गेला,
भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं झालं, परत सरळ,
परत तिरकं.
खिडकीपर्यंत गेलो. वळलो.
खोटं काही करावं लागलं नाही.
दारात अवधूत उभा होता,
मी कडेवर खेळवलेला पोरगा,
तो माझ्या पायाकडं बघत नव्हता.
तो फरशी मोजत होता.

"निकाल मोबाईलवर येईल," आतनं आवाज आला.
किती, ते सांगितलं नाही.

बाहेर त्यानं उसाचा रस घेतला, दोन.
अर्धा ग्लास झाल्यावर म्हणाला,
"आत्ते, मला वाटलं होतं जरा जास्त करून दाखवशील..."
पुढचं त्यानं बर्फासंगं चावून टाकलं.
मी म्हटलं, "आलं जास्त घातलंय ह्यानं."

रस्ता ओलांडताना हात आपसूक पदराआड गेला.
जाऊ दे म्हटलं, त्याची सवय आहे.

केएमटीत पुढची सीट रिकामी.
वर पिवळ्या रंगात लिहिलेलं, ते मी
इतकी वर्षं उभ्यानं वाचत आलोय.
"मावशी, ती अपंगांची राखीव हाय," कंडक्टर म्हणाला.
"कागद निघालाय," म्हटलं,
आणि कागदाच्या आधी बसलो.