वीस नंबरचं सूत

व्हिएन्ना ते डब्लिन सोळाशे पंच्याऐंशी किलोमीटर.
विमानाला पावणेतीन तास.
शेजारच्या पोरानं मोबाइलवर काढून दिलं,
मी सुताच्या पावतीमागं लिहून घेतलं.
शर्ट धुवायला पडला
की आधी ती पावती काढतो, मग पैसे.

किलोमीटर मला कळत नाहीत.
हैदराबाद म्हणजे एक रात्र.
पुणे म्हणजे टेंभुर्णीचा चहा आणि एक डुलकी.
पण सूत कळतं. चाळीस वर्षं तोललंय.
वीस नंबरचं किलोभर सूत उलगडत नेलं
तर चौतीस किलोमीटरला जरासं कमी भरतं.
काट्याशेजारी बसून हिशोब मांडला:
माझ्या लेकापासून माझ्या लेकीपर्यंत
पन्नास किलो.
एक पोतं.
भद्रावती पेठेतला कुठलाही हमाल
पाठीवर घेऊन जिना चढेल, एवढंच.

सत्यम्माला सांगितलं.
ती सुपावर वाकून विड्या वळत होती.
"आणि वेळ?"
पावणेतीन तास.
"म्हणजे तीनशे विड्या. छाट गेली तर पावणेतीनशे."
मग बऱ्याच वेळानं, पानाला कात्री लावताना,
"तीनशे विड्यांवरचं माणूस
चार वर्षं येत नाही होय?"

माग विकले त्या साली सुरू झालं ते.
चारही माग भंगारात गेले, किलोच्या भावानं.
पैसे नागभूषणच्या तिकिटाला लागले.
भाग्यलतानं नर्सिंगची फी स्वतः फेडली, रात्रपाळ्या करून.
एकदा फोनवर ती तसं म्हणाली
आणि तो काहीतरी म्हणाला.
बास, एवढंच.
मागावर तार तुटली की आम्ही माग थांबवायचो.
इथं कुणी थांबवला नाही,
आणि कापडात रेघ पडत गेली, वारोवार.

आता व्हिएन्नाची बातमी डब्लिनला जाते
ती सोलापूरवरून.
"नायना, अक्काचा गुडघा कसा आहे?"
"अम्मा, त्याला तिकडं भात मिळतो का गं?"
आम्ही इकडचं उतरवून घेतो, तिकडं चढवतो,
होटगी रोडच्या विमानतळावर नसेल एवढी वर्दळ
आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत.
सत्यम्मा पाठवताना थोडं वजन वाढवते:
"तुझी आठवण काढत होता बघ परवा. दोनदा."
एकदाच काढली होती. तीही, नळाला पाणी आलं का
हे विचारून झाल्यावर.

शेजारचं पोरगं म्हणतं,
व्हिएन्नाहून निघालं तर घड्याळात एक तास वाचतो,
उलटं निघालं तर एक तास जातो.
म्हणजे भाऊ आधी निघाला तर नफा.
हे मी नागभूषणला सांगितलं.
तो हसला. म्हणाला, "नायना, रजा कुठं मिळते?"
मी म्हटलं, हो, ते पण आहेच.

काल दुकानात नवा माल आला.
पहिलंच पोतं काट्यावर चढवलं,
एकोणपन्नास किलो सातशे पन्नास.
मालक म्हणाले, पाव किलो कमी आहे, परत पाठव.
मी खिशातली पावती काढली,
मागची बाजू पाहिली,
पुन्हा एकदा भागून बघितलं.
म्हटलं, राहू द्या मालक,
बरोबर भरलंय.
ते पाव किलो माझ्या पगारात धरा.